किलाऱ्याच्या फाटकावरचा पहारा

यात माझ्या पदरचं काहीही नाही. मार्सलीमावशीने जसं सांगितलं तसंच लिहितोय.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. उलट तिच्या खऱ्या बोलण्याचाच शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास व्हायचा. ही हकीकत मात्र ती फक्त भर उजेडात सांगायची. सांगता सांगता ऊन उतरायला लागलं की मध्येच उठायची.

"राहिलेलं उद्या," म्हणायची, आणि चुलीत पीटची, म्हणजे दलदलीच्या वाळवलेल्या मातीची, आणखी एक वीट सारायची.

साल अठराशे सत्तेचाळीस. बटाटा जमिनीतच काळा पडून कुजला, त्याच्या पुढचा हिवाळा. फेब्रुवारी नुकताच लागला होता. आमचं किलारा खोरं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीच्या अगदी टोकाला. त्या दिवसांत सूर्य दुपारीच डोंगराआड जातो.

जे घडलं ते रात्री नाही घडलं.

दुपारी सुरू झालं... आणि तिन्हीसांजेला दाराशी आलं.

मावशीचा नवरा टॉर्मड मासेमारी करायचा. नाव किनाऱ्यावर ओढून घेताना खालचा ओंडका सटकला आणि अख्खी नाव त्याच्या डाव्या पायावर आली. घोट्याखाली चेंदा झाला. आधी पाय सुजला. मग काळा पडला. मग त्याला वास यायला लागला.

त्या वर्षी तो वास सगळ्या खोऱ्याच्या ओळखीचा होता. कुजलेल्या बटाट्याचा वास.

खिंडीपलीकडून डॉक्टर मॅकफेल तट्टावर बसून आले. त्यांनी पाय पाहिला, नाक मुरडलं नाही, पण मार्सलीकडेही पाहिलं नाही.

"गुडघ्याखाली कापावा लागेल. आजच. उद्या मांडीपर्यंत चढेल आणि परवा माझं इथे काही काम उरणार नाही."

"नाही," टॉर्मड म्हणाला.

"मरशील."

"मरेन. माझ्या बापाचा हात कापला तेव्हा त्याला चौघांनी दाबून धरलं होतं, डॉक्टर. त्या चौघांत मी होतो. बाप कापण्याने नाही मेला. ओरडून ओरडून मेला. मला इथेच शांतपणे जाऊ द्या."

"कुणी दाबून धरणार नाही तुला. तू झोपलेला असशील." डॉक्टरांनी पिशवीतून एक बाटली काढली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं. बूच जरासं सैल केलं तर घरभर गोडसर, डोक्यात जाणारा वास पसरला.

टॉर्मडने तापातही मान उचलली. "दारू?"

"दारूची थोरली बहीण. ईथर म्हणतात. प्यायचं नाही, हुंगायचं. शहरातल्या मित्राने कळवलं, तसं मी आधी स्वतःवरच करून पाहिलं. बायकोने मला जमिनीवर घोरताना बघितलं आणि गावभर सांगितलं, डॉक्टर प्यायला लागले म्हणून."

टॉर्मड हसला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा.

मार्सली नाही हसली. "आणि जागं कोण करतं?"

"आपोआप जाग येते."

"सगळ्यांना?"

डॉक्टरांनी बाटलीचं बूच पुन्हा घट्ट बसवलं. "मला आली," ते म्हणाले.

मार्सलीच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. तिला टॉर्मड हवा होता. दोन पायांचा, एका पायाचा, कसाही. पण श्वास घेणारा.

"करा," ती म्हणाली.

मग डॉक्टरांनी एकेक सांगायला सुरुवात केली. आणि इथूनच सगळं बिघडलं. डॉक्टरांची चूक नव्हती, हे मावशी दर वेळी सांगायची. ते खिंडीपलीकडचे. त्यांना काय ठाऊक?

"आधी विस्तव विझवा," डॉक्टर म्हणाले. "एक निखाराही नको. या वाफेला ठिणगी लागली तर आपण सगळे छपरासकट जाऊ."

मार्सली जागची हलेना.

आमच्याकडे चूल घराच्या मधोमध असते आणि ती विझत नाही. रात्री राख लोटून, देवाचं नाव घेऊन निजवतात आणि सकाळी फुंकून उठवतात. टॉर्मडच्या पणजीने पेटवलेला विस्तव होता तो. किलाऱ्यात चूल मुद्दाम विझवायची एकच वेळ असते.

घरात मढं असतं तेव्हा.

"आवर, पोरी. उजेड चाललाय."

तिने घागर ओतली. चूल फसफसली, घर राखेने भरलं आणि मग गार झालं.

"दार सताड उघडं ठेवा. वाफ कोंडायला नको. आणि त्या कोंबड्या आणि कुत्रा बाहेर काढा, मला रक्ताजवळ जनावर नको."

तिने तेही केलं.

"याला झोपवायला सरळ, लांब फळी लागेल."

किलाऱ्यात माणूस मावेल अशी सरळ फळी एकच होती. ती शीलसआत्याकडे असायची. शीलसआत्या म्हणजे ओढ्यापलीकडची म्हातारी. कुणी गेलं की त्याला अंघोळ घालून त्या फळीवर सरळ करायचं काम तिचं. दोघं शेजारी फळी घेऊन आले, दाराशी टेकवली आणि आत न येताच निघून गेले. मागोमाग शीलसआत्या आली.

"जित्या माणसाला माझ्या फळीवर घेतायत," ती म्हणाली. "टॉर्मड, बाळा, कशी वाटते?"

"टणक आहे, आत्या."

"आजवर तरी कुणी तक्रार केली नव्हती."

"स्वच्छ पांढरं कापड हवं," डॉक्टर म्हणाले.

घरात स्वच्छ पांढरं कापड एकच होतं. लग्नात आणलेलं, पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं. प्रत्येक नवरी आणते ते. नवऱ्याच्या आणि आपल्या शेवटच्या दिवसासाठी. मार्सलीने ते काढून दिलं. डॉक्टरांनी त्याचा एक पट्टा फाडला, स्पंजाभोवती सुरळी केली, स्पंजावर बाटली उपडी केली आणि ती सुरळी टॉर्मडच्या तोंडावर धरली.

तो खोकला. हात झाडले. काहीतरी गाणं बरळला.

मग... गप्प.

इतका गप्प की मार्सलीने वाकून त्याच्या तोंडाशी कान नेला. जबडा सैल, हात फळीवरून लोंबता, तोंडावर पांढरं कापड.

"श्वास चालू आहे त्याचा," डॉक्टर म्हणाले. "पण मी खाली कापणार, मला वर बघता येणार नाही. याच्या छातीवर एक ताटली ठेव. त्यात काहीतरी घाल, म्हणजे हललेलं मला लांबून दिसेल. लवकर!"

छातीवर ताटली म्हटल्यावर मार्सलीचा हात आपोआप गेला.

मिठाच्या मडक्यात.

ताटलीत मूठभर मीठ घालून तिने ती टॉर्मडच्या छातीवर ठेवली. ती अगदी तशी ठेवली, जशी लहानपणापासून पाहिली होती. मेलेल्या वडिलांच्या छातीवर. आजीच्या छातीवर.

मागून आवाज आला. शीलसआत्याने दोन्ही हात तोंडावर दाबले होते.

"पोरी... हे काय केलंस?"

"बोलू नका!" डॉक्टर ओरडले, आणि सुरी चालली.

आत्याच्या डोळ्यात काय होतं ते मार्सलीला तेव्हा कळलं. चूल विझलेली. दार उघडं. जनावरं बाहेर. फळी. कापड. मीठ. या घरात मेलेल्या माणसासाठी करायचं काहीच राहिलं नव्हतं.

फक्त माणूस मेला नव्हता.

आता इव्हरचं सांगायला हवं.

आमच्या कबरस्तानात शेवटी पुरलेला माणूस फाटकाशी पहाऱ्याला उभा राहतो. पुढचं मढं आत येईपर्यंत. ते आलं की त्याची सुटका, मग पुढच्याचा पहारा. म्हणून एकाच दिवशी दोन प्रेतयात्रा निघाल्या तर आपलं मढं आधी आत जावं म्हणून माणसं ते खांद्यावर घेऊन पळतात. मी स्वतः पळालोय.

त्या हिवाळ्यात फाटकावर होता इव्हर. खाडीतल्या तरीचा नावाडी. सुगीच्या शेवटी गेला होता. जिवंतपणी त्याच्याइतका उतावळा माणूस खोऱ्यात नव्हता. नाव ढकलायची त्याची लांब काठी, टोकाला लोखंड बसवलेली. कुणाला उशीर झाला की तो चढण चढून त्याच्या घरी जायचा आणि चौकटीवर ती काठी आपटायचा. "चला, ओहोटी लागली!"

नवरी असो, पाद्री असो, तो थांबायचा नाही.

आणि त्याच्यानंतर किलाऱ्यात कुणीच मेलं नव्हतं.

डॉक्टरांनी करवत घेतली. मार्सली ताटलीवर नजर लावून उभी होती. मीठ वर येत होतं... खाली जात होतं. वर... खाली.

एकदम घरातला उजेड कमी झाला.

"दारातून बाजूला व्हा!" डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "उजेड सोडा माझा!"

दारात कुणी नव्हतं. शीलसआत्या तर मार्सलीच्या शेजारीच उभी होती, भिंतीला चिकटून.

पण उजेड अडला होता.

मग हळूच... परत आला. आणि बाहेरून, दगडी चौकटीवर...

ठक.

ठक.

ठक.

"त्या सुताराला सांगा नंतर ये म्हणून," डॉक्टर म्हणाले.

पाय सुटला. शिरा बांधल्या. डॉक्टरांनी कापड काढून टॉर्मडच्या गालावर चापट्या मारल्या. पहिल्या चापटीला काही नाही. दुसरीला काही नाही. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा हात उगारला.

मग टॉर्मडने खोल श्वास ओढला आणि डोळे उघडले.

"झालं?" त्याने विचारलं.

मार्सली रडत खालीच बसली. डॉक्टर एवढे मोठ्याने हसले की त्यांचं त्यांनाच लाजल्यासारखं झालं.

"काही दुखलं?"

"नाही. मी इथे नव्हतोच." टॉर्मडची जीभ जड होती. "मी फाटकाशी होतो. इव्हर होता तिथे. चिडला होता. म्हणाला, इतका वेळ कुठे होतास... आणि काठी माझ्या हातात द्यायला लागला."

"ईथरने स्वप्नं पडतात," डॉक्टर म्हणाले. "मला तर माझी शाळामास्तरीण दिसली होती."

खिंडीत अंधार गाठायला नको म्हणून डॉक्टर लगेच निघाले. जाताना सांगून गेले, याला ऊब द्या, पातळ पेज पाजा, आणि तो पाय घरामागे खोल पुरा, कुत्रा उकरणार नाही असा.

पाय कोनाड्याखाली पाटीत होता. उरलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेला.

ऊब द्यायला आधी विस्तव हवा. मार्सलीने चकमक घासली. पण घागरीच्या पाण्याने सगळं ओलंगच्च झालं होतं. ठिणगी पडायची, विझायची. ती शेजारच्या घरी गेली. शेजारणीने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "मार्सली, राग मानू नकोस. मिठाची ताटली ठेवलेल्या घरात मी विस्तव नाही देणार. माझी लेकरं आहेत."

"तो जिवंत आहे गं!"

"असू दे. देवाची कृपा. पण विस्तव नाही."

शेवटी शीलसआत्या म्हणाली, "माझ्या चुलीतला आणते. दिलेल्या विस्तवाबरोबर घरातलं नशीब जातं म्हणे. माझं असं कितीसं उरलंय? पण मी येईपर्यंत दार उघडू नकोस. विस्तव नसलेल्या घरात शिरायला कुणाला विचारावं लागत नाही."

आत्याचं घर ओढ्यापलीकडे. ती काठी टेकत टेकत चालणारी.

मार्सलीने दार लावलं. टॉर्मडला होतं नव्हतं ते सगळं पांघरलं. तो पुन्हा झोपी गेला होता. औषधाची असावी, पण ती झोप तिला आवडली नाही.

छपरातल्या धुराच्या भोकातून येणारा उजेड राखाडी झाला.

कोंबड्या या वेळेला दाराशी येऊन कुरकुरायच्या. आल्या नाहीत.

कुत्रा दार खरवडायचा. आला नाही.

खाडीचा आवाज त्या घरात कधी थांबत नसे. तो... थांबला होता.

ताटली अजून तिथेच होती, टॉर्मडच्या छातीवर. घाईत काढायची राहिली होती. मार्सलीने ती उचलली आणि तिचा हात ओला झाला. मीठ नव्हतं. ताटलीत पाणी होतं. तिने बोट लावून चाखलं.

समुद्राचं पाणी.

ठक.

या वेळी दारावर.

ठक.

ठक.

"चला..."

आवाज मोठा नव्हता. दमलेला होता. पण तिने तो ओळखला. लग्नाच्या दिवशी याच आवाजाने तिला शाल सावरायलाही वेळ दिला नव्हता.

"चला... ओहोटी लागली."

बाहेर तेव्हा भरतीची वेळ होती.

फळीवर टॉर्मड हलला. डोळे मिटलेले. त्याने पांघरूण बाजूला केलं आणि उजवा पाय खाली सोडला. मग डावा सोडायला गेला, जो नव्हता. बांधलेल्या फडक्यावर लाल डाग पसरला. तरी तो उठतच होता, हाक मारल्यावर माणूस उठतो तसा.

मार्सली त्याच्या अंगावर पडली. तापाने अर्धा झालेला माणूस, पण तिला आवरेना.

"इव्हरभाऊ!" ती ओरडली. "चूक झाली! हा मेला नाही! मीठ माझ्या हातून पडलं! परत जा!"

दाराबाहेर लोखंडी टोक दगडावर घासलं.

मग दाराची कडी... हळूच... वर जायला लागली.

इव्हर थांबणारा माणूस नव्हता, हे मार्सलीला ठाऊक होतं. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं शक्य नव्हतं. त्याला कुणीतरी हवं होतं. टॉर्मडच्या नावाचं, मेलेलं, कापडात गुंडाळलेलं.

तिची नजर कोनाड्याखाली गेली.

"थांब!" ती म्हणाली. "देते! मेलंय ते देते! आजच मेलंय, याच घरात. सगळे सोपस्कार झालेत. तुझ्या फाटकाशी मी स्वतः आणून पुरते. उभं राहायला पायच लागतो ना? पाय देते!"

कडी अर्ध्यावर थांबली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कडी खाली पडली. आणि टॉर्मड तिच्या हातात एकदम जड झाला, झोपलेल्या माणसासारखा.

शीलसआत्या मडक्यात निखारे घेऊन आली तेव्हा मार्सली फावडं शोधत होती. तिने सगळं सांगितलं. आत्याने निखारे चुलीत ओतले, फुंकले, आणि धूर डोळ्यात गेल्यासारखे डोळे पुसले.

"एवढ्याशा पायावर ऐकेल तो?"

"ऐकावं लागेल."

"मग नाव घेऊन पूर. बिननावाचं काही तिथे मोजत नाहीत. आणि मागे वळून बघू नकोस. त्याला घाई केलेली आवडते, तूही घाई कर."

कबरस्तान किनाऱ्याने गेलं की लगेच लागतं. पडक्या देवळाची भिंत आणि लाकडी फाटक. पाण्यावर थोडा उजेड होता. मार्सली छातीशी ते गाठोडं धरून चालत होती. पाय थंड पडला होता, पण अजून टॉर्मडचाच होता. तिला त्याची बोटं कापडातून लागत होती.

तिच्या पुढे, गोट्यांवरून, लोखंडी टोकाचा आवाज चालला होता.

टक... टक... टक.

दिसत काही नव्हतं.

फाटक उघडंच होतं. आतल्या बाजूला, भिंतीलगत तिने खणलं. जमीन थिजलेली. हाताची सालटं निघाली. गाठोडं ठेवलं, माती लोटली आणि मोठ्याने म्हणाली, "हा टॉर्मड. मार्सलीचा नवरा. हा आता उभा आहे."

काहीच झालं नाही.

मग तिच्या अगदी कानाजवळ कुणीतरी सुस्कारा टाकला. दिवसभर वल्ही मारून आलेला माणूस बसताना टाकतो तसा. काठीचा आवाज कबरींमधून आत गेला, इव्हरच्या मातीपर्यंत. तिथे काठी आडवी पडल्याचा खणखणाट झाला...

आणि खाडीचा आवाज परत सुरू झाला.

ती घरी पोचली तेव्हा दाराशी कुत्रा होता. आत चूल पेटली होती. टॉर्मड जागा होता, आत्या त्याला पेज भरवत होती.

"मार्सली," तो म्हणाला, "पायाला गार लागतंय गं."

तिने उजव्या पायावर पांघरूण ओढलं.

"तो नाही. डावा."

आत्याचा चमचा हवेतच राहिला.

"ओल्या गवतात ठेवलाय कुणीतरी," टॉर्मड म्हणाला. "उभा केलाय. बसूच देत नाहीत."

पुढे डॉक्टर जखम बघायला आले. म्हणाले, कापलेला अवयव दुखतो, ते सगळ्यांना होतं, शिरांचा खेळ आहे. मार्सलीने विचारलं, "ओलं गवतही सगळ्यांना लागतं?" डॉक्टर म्हणाले, "ते कुठे वाचलं नाही."

जखम भरली. पण टॉर्मड झिजत चालला. झोप लागली की दचकून उठायचा. कुणी फाटकाजवळून गेलं की त्याला घरात बसून कळायचं. "मेंढ्या गेल्या," म्हणायचा. "आता पाद्री गेला, लंगडतोय आज." खरं निघायचं. सकाळी सगळ्या कबरस्तानावर दहिवर पडलेलं असायचं. फक्त फाटकाच्या आत एका पावलाएवढी जागा कोरडी. डाव्या पावलाएवढी.

आणि त्या भुकेच्या वर्षात, जेव्हा इतर खोऱ्यांत माणसं जात होती, किलाऱ्यात कुणी मरेना. पुढचा येईना. पहारा सुटेना. टॉर्मडच्या बरगड्या मोजता यायला लागल्या.

मेंढ्या विण्याच्या दिवसांत शीलसआत्या अंथरुणाला खिळली. मार्सली पेज घेऊन गेली तर तिने वाटी सरकवली.

"नको. कंटाळा आला मला या पेजेचा. तुझ्या नवऱ्याला सांग, आत्या निघालीय. म्हणावं, पायाला सांग, जरा दम धर."

"आत्या, असं बोलू नका."

"का? मला उभं राहायची सवय आहे. जन्मभर माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या मढ्यांची उठबस. आणि त्या फळीवर मला नीट मधोमध ठेवा. टॉर्मडला तिरका ठेवला होता त्या डॉक्टराने."

दोन दिवसांनी ती गेली.

तिची प्रेतयात्रा फाटकातून आत शिरली तेव्हा टॉर्मड घरी होता, बिछान्यावर. माझी आई, तेव्हा लहान मुलगी, त्याच्यापाशी बसली होती. ती सांगायची, टॉर्मड एकदम उठून बसला. त्याने जिथे पाय नव्हता तिथे हात फिरवला. आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"सुकला," म्हणाला. "सुकला गं पाय."

त्यानंतर त्याला कधी गार लागलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

टॉर्मडकाका पुढे खूप वर्षं जगला. लाकडी पाय लावून जाळी विणायचा. मला त्याने खेकडे पकडायला शिकवलं. शांत माणूस. कुणाला घाई करायचा नाही.

दरम्यान खोरं रिकामं झालं. जमीनदाराने शेतं काढून घेऊन मेंढ्या आणल्या, माणसं परदेशी जाणाऱ्या जहाजांवर चढली. काका गेला तेव्हा खांदा द्यायला कशीबशी माणसं जमली. त्याला आम्ही पायाशेजारीच पुरला. मावशी म्हणाली, "आता मी लवकर येते. तुला फार उभं नाही राहावं लागणार."

पण थंडीत तिला खोकला झाला म्हणून शहरात राहणाऱ्या माझ्या भावांनी तिला तिकडे नेलं. ती तिथेच गेली. बर्फाने खिंड बंद होती. तिला तिथेच पुरलं.

किलाऱ्यात काकानंतर कुणालाही पुरलेलं नाही.

आता इथे धूर निघणारं घर एकच आहे. माझं.

तिन्हीसांजेला ऐकू येतं. किनाऱ्याने, हळूहळू. एक पाऊल मऊ, एक लाकडी.

धप... ठक. धप... ठक.

माझ्या दाराशी येतं. दार वाजवत नाही. थोडा वेळ थांबतं आणि परत जातं. काका तसाच होता.

गेल्या महिन्यात खिंडीपलीकडचा नवा डॉक्टर आला होता. माझ्या पोटात गाठ आहे. काढावी लागेल म्हणतो. आता नवं औषध आहे, त्याला आग लागत नाही, चूल विझवायची गरज नाही, म्हणाला. मी विचारलं, दार? तो म्हणाला, "दार तर उघडं ठेवूच ना आजोबा. हवा नको?"

मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही म्हणूनही चालणार नाही, हे मला कळतं.

काल सकाळी कबरस्तानाशी जाऊन आलो. सगळीकडे दहिवर पडलं होतं. एका पावलाएवढी जागा कोरडी होती, आणि तिच्या शेजारी लाकडी पायाच्या टोकाएवढा एक कोरडा गोल.

पण ती जागा फाटकाच्या आत नव्हती.

बाहेर होती... आणि पावलाची बोटं माझ्या घराकडे होती.